फवारणीचं औषध घरात कुठून कुठून येतं

या भागाचं रेकॉर्डिंग ज्यांना नेटवर्कमुळे नीट ऐकता आलं नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जे विस्कळीत झालं ते इथे जरा नीट केलंय, आणि दोन-तीन गोष्टी वाढवल्यात.

मी मानोऱ्याचा. शिक्षण बी.टेक., काम सॉफ्टवेअरचं, पगार पुण्याच्या कंपनीचा, पण घरी सोयाबीन, तूर आणि थोडी कपाशी आहे. जुलै लागला की आमच्या गल्लीत संध्याकाळी एक वास येतो. तुमच्याकडेही येत असेल. अंगणात पंप टेकवलेला असतो, दोरीवर ओला शर्ट असतो, आणि ओसरीवर कोणीतरी डोकं धरून बसलेलं असतं. "ऊन लागलं वाटते," एवढंच त्यावर म्हटलं जातं.

आजचा विषय फवारणीचा आहे, पण शेतातला नाही, घरातला आहे. मास्क घाला, हातमोजे घाला, हे कृषी विभागाची पत्रकं दरवर्षी सांगतात. ते बरोबरच आहे. पण विष शेताच्या धुऱ्यावर थांबत नाही. ते कपड्यावर बसून, बाटलीतून, मोबाईलवरून घरी येतं, आणि घरात जी माणसं आहेत त्यांनी कधी पंप उचललेलाही नसतो. आई कपडे धुते. लहान पोरगं बाबांच्या मांडीवर येऊन बसतं. त्यांना कोणी पत्रक देत नाही.

आधी 2017 आठवूया. मानोऱ्याच्या शेजारी दिग्रस, दारव्हा, म्हणजे यवतमाळ जिल्हा. आपली निम्मी सोयरीक तिकडेच. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, बरेचसे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. यातल्या कोणीही विष प्यायलं नव्हतं. कामावर गेले होते, पाठीवर पंप घेऊन.

त्या वर्षी नेमकं काय वेगळं होतं? कपाशी खूप उंच वाढली होती, कित्येक शेतांत माणसाच्या खांद्यापर्यंत आणि त्याहून वर. म्हणजे नोझल खाली धरून मारायचं औषध तोंडाच्या उंचीवर मारावं लागलं. किडीचा जोर जास्त म्हणून फेऱ्या वाढल्या. एका कीटकनाशकाने भागेना म्हणून दोन-तीन एकत्र करून मारली गेली, वरून टॉनिक. हातपंपाच्या जागी बॅटरीचे पंप आलेले, ते भराभर आणि बारीक फवारा सोडतात. वर दमट उकाडा. राज्य सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष चौकशी पथक नेमलं. नोव्हेंबर 2017 मध्ये पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी आली, ती यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि आपल्या वाशीम जिल्ह्यासाठी. मोनोक्रोटोफॉस त्यात होतं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण होतं, डायफेन्थ्युरॉन होतं.

साठ दिवस. तोवर हंगाम बहुतेक संपलाच होता. असो.

शरीरात काय होतं

हे समजून घेतलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून थोडा वेळ देतो.

आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप पाठवतात. तो निरोप एका रसायनाच्या रूपात जातो, त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला, स्नायू आकुंचन पावला, की लगेच तो निरोप पुसावा लागतो. नाहीतर स्नायू आकुंचन पावूनच राहील. हे पुसायचं काम करणारं एक एन्झाइम आहे, कोलिनेस्टरेज. माझ्या भाषेत सांगायचं तर हा मागे सतत चालणारा क्लीन-अप प्रोसेस. तो दिसत नाही, कोणी त्याचं कौतुक करत नाही, पण तो बंद पडला की काही मिनिटांत अख्खी सिस्टीम मेसेजने तुंबते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषं नेमकं हेच करतात. पुसणाऱ्या एन्झाइमला पकडून ठेवतात. किडीतही तेच, आपल्यातही तेच. मग सगळे नळ एकदम उघडे पडतात. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, घाम, उलटी, जुलाब, लघवीवर ताबा नाही. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. स्नायू फडफडतात, मग थकतात. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात आणि फुप्फुसात पाणी भरतं. माणूस जातो तो श्वासाने.

आता एक महत्त्वाचा मुद्दा. हे एन्झाइम एका दिवसात भरून येत नाही. आज थोडं गेलं, उद्या थोडं गेलं, परवा आणखी. तीन दिवस काहीच झालं नाही आणि चौथ्या दिवशी तेवढ्याच फवारणीने माणूस पडला, असं होतं ते यामुळे. "आम्ही पयल्यापासून असंच मारतो, काही होत नाही" या वाक्यात खोटं काही नाही. फक्त कालचा हिशोब शरीर आज पुढे ओढतंय, हे त्या वाक्यात दिसत नाही. सलग फवारणी करणाऱ्या मजुराला मध्ये खाडा हवा तो आळस म्हणून नाही.

आणि हे शरीरात शिरतं कुठून? आपल्याला वाटतं नाकातोंडातून. शेतात मुख्य रस्ता कातडीचा असतो. 1971 साली माइबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराथिऑन या विषावर एक अभ्यास प्रसिद्ध केला, शरीराच्या कोणत्या भागातून किती शोषलं जातं याचा. हाताच्या पुढच्या भागातून साधारण 9 टक्के. डोक्याच्या कातडीतून 32. कपाळातून 36. काखेतून 64. आणि पुरुषाच्या वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा, आणि पाठीवरचा पंप डोळ्यापुढे आणा. झाकण नीट बसत नाही, वॉशर गेलेला. वाकलं की पाणी पाठीवरून खाली येतं, कंबरेला, तिथून चड्डीत. तिथे दिवसभर ओलं. म्हणजे तोंडाला रुमाल बांधून आपण ज्या दाराला कडी लावतो त्याहून मोठं दार मागे सताड उघडं आहे. एक वॉशर काही रुपयांना मिळतो. पाठीवर, पंपाच्या आत, खताच्या पोत्यातलं धुतलेलं प्लास्टिक बांधलं तरी फरक पडतो. पूर्ण किट घालून ऑगस्टच्या उकाड्यात कपाशीत फिरा, असं एसीत बसून सांगायला माझी जीभ वळत नाही. उष्माघातही खरा आहे. पण कमीत कमी काय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: न गळणारा पंप, पाठीला प्लास्टिक, हातात रबरी मोजे, डोक्याला टोपी, पूर्ण बाह्या आणि जवळ साबण-पाणी. ओला झालेला सुती रुमाल तोंडावर ठेवण्यापेक्षा काढलेला बरा, कारण तो औषध धरून ठेवतो.

आणखी दोन सवयी आहेत, खास आपल्या भागातल्या. एक खर्रा. मोजे काढायचे, त्याच बोटांनी पन्नी उघडायची, घोटायचा, गालात ठेवायचा. विष पोटात पोचवायला याहून सोपी पद्धत मला सुचत नाही. दुसरी, नोझल तुंबलं की तोंडाने फुंकणं. जुना टूथब्रश पंपाला दोरीने बांधून ठेवा, विषय संपला.

आता घरात येऊ

सगळ्यात आधी तुमचा फोन. हो, ज्यावर हे वाचताय तो. फवारणी करताना तो खिशात असतो, फोन येतो, ओल्या हाताने उचलला जातो, गालाला लागतो. संध्याकाळी तोच फोन कार्टून बघायला पोराच्या हातात जातो. पोरगं फोन बघत जेवतं. पत्रकं छापणाऱ्यांच्या काळात हा रस्ता नव्हताच, म्हणून तो कुठे लिहिलेला दिसत नाही. फोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि तोंड बंद करा. पिशवीवरूनही टच चालतो. घरी यायच्या आधी पिशवी काढून टाका.

मग कपडे. फवारणीचे कपडे वेगळे ठेवा आणि जमलं तर शेतातच बदला. बदललेले कपडे पिशवीत घालून आणा, अंगावर घालून नाही, कारण मोटरसायकलवर मागे कोणीतरी बसतं आणि दारात पोरगं पायाला मिठी मारतं. धुताना घरातल्या कपड्यांत मिसळू नका. आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग साबणाने दोनदा धुवा, मग कडक उन्हात वाळवा. धुणाऱ्या बाईच्या हातातही मोजे हवेत. फवारणाऱ्यासाठी मोजे आणताना आपण एकच जोडी आणतो, तिथे दोन आणा. ज्याने फवारलं त्यानेच आपले कपडे धुतले तर एकच जोडी पुरते. हे मी पॉडकास्टमध्ये म्हटलं तेव्हा आमच्या रेकॉर्डिंगला बसलेली बहीण मोठ्याने हसली. ते हसू मी एडिट केलं नाही.

घरात गरोदर बाई किंवा लहान लेकरू असेल तर हे जास्तच पाळा. लेकराचं वजन दहा किलो आणि बापाचं साठ. तेवढाच थेंब लेकरासाठी सहापट होतो. शिवाय लेकरू जमिनीवर रांगतं आणि हात तोंडात घालतं.

आता बाटली. इथे मला बिहारमधली एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. 16 जुलै 2013, सारण जिल्ह्यातलं धर्मासती गंडामन गाव. शाळेत पोषण आहार खाऊन 23 मुलं गेली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. त्याच्याही खूप आधी, 1958 मध्ये, केरळात पॅराथिऑन सांडलेल्या धान्या-पिठातून विषबाधा होऊन शंभरावर माणसं गेली. वाहतुकीत विषाचे डबे आणि खाण्याचा माल एकत्र होते. त्या दुर्घटनेनंतर चौकशी होऊन, बरीच वर्षं लागून, 1968 चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे आपल्याकडचा हा कायदाच मुळात शेतातल्या अपघातातून आलेला नाही. खाण्याची वस्तू आणि विष एका जागी ठेवल्यामुळे आला.

आणि आपण काय करतो? उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओततो. रिकामा पाच लिटरचा डबा छान दिसतो म्हणून धुऊन त्यात रॉकेल ठेवतो, मग पाणी, मग कधीतरी तेल. प्लास्टिक विष पिऊन बसतं, ते धुण्याने जात नाही. रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी पंपातच घाला, मग बाटलीला भोकं पाडा, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या कामाची राहत नाही. ती जाळू नका. नियम सांगतो की वस्तीपासून दूर, पाण्यापासून लांब, खोल पुरा. गोळा करायची व्यवस्था आपल्या गावांत जवळपास कुठे दिसत नाही. हा प्रश्न ग्रामपंचायतीत विचारायचा आहे, आणि तो तरुण पोरांनीच विचारावा असं मला वाटतं. कृषी केंद्रात औषध घ्यायला गर्दी असते, बाटली परत करायला खिडकीच नाही.

यात भाषेचाही एक घोळ आहे. आपण त्याला औषध म्हणतो. कपाशीवर औषध मारलं, उंदराचं औषध आणलं, धान्यात औषध ठेवलं. लेकराला खोकला झाला की आपण त्याच शब्दाने चमचा पुढे करतो. चार वर्षांच्या पोराने दोन्ही औषधांत फरक कसा करायचा? आमच्या घरी आता त्याला विषच म्हणतात. सुरुवातीला विचित्र वाटलं, आजी तर चिडली, भरल्या घरात काय शब्द काढता म्हणून. पण पुतण्या आता त्या कपाटाकडे बोट दाखवून "तिथं विष आहे" असं पाहुण्यांना सांगतो.

धान्याच्या गोळ्यांबद्दल दोन ओळी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडतात. त्याला उतारा नाही. ज्या खोलीत गोळ्या टाकलेलं धान्य आहे तिथे किंवा त्याला लागून असलेल्या बंद खोलीत कोणीही झोपायचं नाही, एक रात्रही नाही. खरं तर या गोळ्या गोदामासाठी आहेत, दोन खोल्यांच्या घरासाठी नाहीत. वाळवण नीट करा, घट्ट झाकणाच्या कोठ्या वापरा. उंदराच्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ती ट्यूबमध्ये येते, टूथपेस्टसारखी दिसते, आणि पहिले एक-दोन दिवस पेशंटला बरं वाटू शकतं, मग यकृत निकामी होतं. म्हणून "आता बरा आहे" म्हणून कोणालाही घरी ठेवू नका.

कुलूप लावलेली पेटी हवी, उंचावर, स्वयंपाकघराबाहेर. चावी मोठ्या माणसाकडे. आपल्या भागात हे लिहिताना आत्महत्येचा विषय टाळता येत नाही. श्रीलंकेने 1990 च्या दशकापासून सगळ्यात घातक कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या दोन दशकांत निम्म्याहून खाली आलं. पण तिथेच घराघरात कुलुपाच्या पेट्या वाटून केलेल्या मोठ्या अभ्यासात, जो 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये आला, आत्महत्यांवर काही परिणाम दिसला नाही. म्हणजे पेटी लेकरांसाठी ठेवा, जरूर ठेवा, पण मोठ्या माणसाच्या मनातलं वादळ पेटीने थांबेल असं धरून चालू नका. तिथे माणूसच लागतो. घरात कोणी फार गप्प झालं असेल तर विचारा, सोबत बसा. 14416 हा टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

लेबलचा फोटो

पूर्ण भागातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. फवारणीच्या दिवशी सकाळी, बाटलीचं सील उघडायच्या आधी, लेबलचा फोटो काढा आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. दोन-तीन औषधं असतील तर सगळ्यांचे.

कारण सांगतो. 2017 मध्ये उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढची एक मोठी अडचण ही होती की पेशंटने नेमकं काय मारलं ते कळत नव्हतं. पेशंट बेशुद्ध, आणणारा शेजारी सांगतो "कपाशीवरचं होतं". मजूर असेल तर त्याला माहीतच नसतं, बाटली मालकाने आणलेली. आणि उपचार तर विषाच्या गटावर ठरतो. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन चालू करतात. ते लाळ, घाम, फुप्फुसातलं पाणी आवरतं. जोडीला प्रालिडॉक्सिम देतात, ते अडकलेलं एन्झाइम सोडवायचा प्रयत्न करतं. पण डायफेन्थ्युरॉन हे या गटातलं नाही, त्याला असा ठरलेला उतारा नाही. याच डायफेन्थ्युरॉनच्या पोलो या उत्पादनावरून यवतमाळमधल्या कुटुंबांचं प्रकरण 2020 मध्ये थेट स्वित्झर्लंडपर्यंत गेलं. सिंजेंटा कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं तर त्यालाही उतारा नाही, आणि तिथे उगाच ऑक्सिजन लावला तर नुकसान वाढतं. म्हणजे एका विषाला जो उपचार जीव वाचवतो तो दुसऱ्याला निरुपयोगी किंवा वाईट. डॉक्टरला नाव हवंच.

फोटोत रसायनाचं नाव आणि टक्केवारी दिसली पाहिजे, कंपनीचं ठसठशीत नाव नाही. लेबलवर हिऱ्याच्या आकाराची चौकट असते, तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग बघा. लाल म्हणजे सगळ्यात घातक, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मोनोक्रोटोफॉसचा लाल. पण एक भानगड आहे: रंग हा एकदाच गिळल्यावर किती घातक यावर मुख्यतः ठरतो. रोज थोडं थोडं कातडीतून जाण्याचा हिशोब त्या रंगात नीट येत नाही. त्यामुळे निळा दिसला म्हणून मोकळं सुटू नका. लेबलवर किंवा सोबतच्या घडीपत्रकात "उतारा" अशी ओळ असते, तिचाही फोटो घ्या. अक्षरं मुंगीएवढी असतात. फोटो काढून झूम करायचा फायदा इथे होतो, बाबांना चष्मा शोधावा लागत नाही.

आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा वडील म्हणाले, "काऊन रे, बाटलीचा फोटो काऊन काढून राह्यला?"

"दवाखान्यात विचारतात बाबा."

"अन् मी दवाखान्यात कायले जातो?"

"जाच नका. फोटो राहू द्या."

आता ते स्वतः काढतात. फोटो तिरपा येतो, अर्ध्या वेळा अंगठा मध्ये असतो, पण नाव वाचता येतं.

आणि कोणाला त्रास झालाच तर

लक्षणं कधी शेतात दिसतात, कधी घरी आल्यावर दोन-चार तासांनी. डोकेदुखी, मळमळ, घाम, धूसर दिसणं. हेच ऊन लागल्यावरही होतं, म्हणून घोटाळा होतो. संध्याकाळच्या कमी उजेडात माणसाची बाहुली मोठी व्हायला हवी. ती टिंबाएवढी बारीक दिसली, तोंडात लाळ सुटत असली, पापण्या किंवा दंड फडफडत असले तर उन्हाचा विषय सोडा आणि निघा. बाहुली नेहमीसारखी दिसली म्हणून मात्र धोका नाही असं समजू नका. सगळी विषं बाहुलीवर परिणाम करत नाहीत. त्या दिवशी फवारणी केली आणि त्रास होतोय, एवढं कारण दवाखान्यात जायला पुरेसं आहे.

आधी माणसाला शेतातून बाहेर आणा. सगळे कपडे काढा, लाजायची वेळ नाही. साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, केस, कानामागे, नखं, जांघा. हे करणाऱ्याने हातात मोजे घालावेत, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार. गुंगी असेल तर कुशीवर झोपवा. पण धुणं चालू असतानाच दुसऱ्याने 108 ला फोन लावलेला असावा, एकामागून एक नाही.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. बऱ्याच कीटकनाशकांत रॉकेलसारखं द्रावक असतं, उलटी होताना ते फुप्फुसात गेलं तर नवीन संकट. दूध, ताक, लिंबू, तूप, काहीच पाजू नका. गुंगीतल्या माणसाला पाणीसुद्धा नाही.

मानोऱ्यात ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, तिथे आधी न्या. दूरच्या मोठ्या दवाखान्यात थेट नेण्याच्या नादात पहिला तास रस्त्यावर जातो. तिथून पुढे वाशीम, अकोला की यवतमाळ, ते डॉक्टर ठरवतील. जाताना ग्रुपवरचा फोटो उघडून ठेवा आणि तीन गोष्टी सांगा: काय मारलं, किती वाजता सुरू केलं, त्याआधी सलग किती दिवस फवारणी चालू होती. तिसरी गोष्ट डॉक्टर घाईत विचारायला विसरू शकतात, तुम्ही विसरू नका. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, 1800 116 117, चोवीस तास. डॉक्टरही तिथे विचारतात. नंबर आत्ताच सेव्ह करा, "विष" या नावाने, म्हणजे घाईत सापडेल.

बरं वाटायला लागलं तरी डॉक्टर सोडत नाहीत तोवर घरी आणू नका. ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये एक ते चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. उशीवरून मान उचलता येते का, हे डॉक्टर रोज बघतात ते त्यासाठीच. घरी परतल्यावरही त्या हंगामात त्या माणसाच्या पाठीवर पंप द्यायचा नाही. मजूर असेल तर त्याचा रोज बुडतो, हे मला माहीत आहे. निंदण, खुरपण, पाणी देणं, दुसरं काम द्या. आमच्या इथल्या एका शेतकऱ्याने मागच्या हंगामात तसंच केलं, फवारणीच्याच दराने, आणि उरलेली कपाशी स्वतः फवारली.

पुढच्या भागात विंचू आणि सापाचं बोलू. प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा, फवारणीच्या दिवशी पाठवत असाल तर आधी हात धुऊन.